कचकड्याची बाहुली



गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. अंगणात भाच्यांनी मातीचा किल्ला केला होता. मावळे, तोफा, गुहेतला वाघ, पाण्याचे टाके, असा सगळा थाट होता. पण धाकट्या भाचीचे तेवढ्याने समाधान होईना. तिला बुरुजावर राणी हवी होती. माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या आईची लहानपणची बाहुली आहे, हे तिला ठाऊक होते. तिने ती हळूच काढून आणली आणि बुरुजावर, दोन पेटत्या पणत्यांच्या बरोबर मधे उभी केली.

आई ओसरीवर बसली होती. तिचे लक्ष गेले मात्र, ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचे लोक बाहेर आले.

"अगं ए, उचल ती आधी! कचकड्याची आहे ती. भपकन पेटेल!"

"आजी, प्लॅस्टिक तर आहे," भाची म्हणाली. "प्लॅस्टिक वितळतं. असं भपकन पेटतं कुठे? हो ना गं आत्या? तू फिजिक्स शिकवतेस ना?"

खरे सांगायचे तर मला नीट उत्तर देता आले नाही. बाहुली तेवढी उचलून आणली. आईला मात्र उत्तर ठाऊक होते, कारण तिने ते डोळ्यांनी पाहिले होते. तिच्या लहानपणी वाड्यातल्या एका मैत्रिणीची अशीच बाहुली समईपाशी ठेवलेली होती. बाहुलीच्या हाताला ज्योत लागली आणि कोणी तांब्याभर पाणी आणेपर्यंत बाहुली उरलीच नाही. ती ओढून घेताना मैत्रिणीची बोटे भाजली. त्याचे वण पुढे कायम राहिले.

भाचीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज येथे देत आहे. ते बरेच लांबले आहे. बाहुली का पेटते हे सांगायचे तर ती मुळात कशी जन्माला आली, तेथूनच सुरुवात करावी लागते.

कासवाची पाठ

आधी हा 'कचकडे' शब्द पाहू. एखादी मुलगी फार नाजूक असली, की तिला 'कचकड्याची बाहुली' म्हणतात, हे तुम्ही ऐकले असेल. पण जुन्या मराठी कोशात कचकडे या शब्दाचा अर्थ पाहाल तर चकित व्हाल. तेथे अर्थ दिला आहे, कासवाच्या पाठीचे कवच! समुद्रातील काही कासवांच्या पाठीवरचे पिवळट-तपकिरी, अर्धपारदर्शक पापुद्रे उष्णतेने मऊ करून त्यांच्या फण्या, डब्या, चष्म्याच्या चौकटी बनवीत असत. पुढे या पापुद्र्यांसारखा हुबेहूब दिसणारा एक कृत्रिम पदार्थ बाजारात आला. आपल्या लोकांनी त्यालाही जुनेच नाव लावून टाकले. या पदार्थाचे कारखान्यातले नाव सेल्युलॉइड.

सेल्युलॉइडपूर्वी बाहुल्या नव्हत्या असे नाही. लाकडाच्या होत्या, चिंध्यांच्या होत्या, मेणाच्या होत्या. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील थुरिंगिया भागात चिनीमातीची सुंदर मुंडकी असलेल्या बाहुल्या होत आणि साऱ्या जगात जात. पण चिनीमातीचे डोके फरशीवर आपटले की संपले. मेणाची बाहुली उन्हात ठेवता येत नसे. लाकडाला रंग दिला तर तो ओल्या हाताने निघे. लहान मुलाच्या हातात द्यायची वस्तू हलकी हवी, धुता यायला हवी, पडली तरी फुटायला नको आणि महागही असायला नको. निसर्गात असा एकही पदार्थ नव्हता. तो बनवावा लागला, आणि त्याची सुरुवात झाली साध्या कापसापासून.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो लहान घटक एकापुढे एक जोडून झालेली ही लांबच लांब रेणूंची साखळी. १८४६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील बाझल येथील रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची क्रिया केली. धुऊन वाळविल्यावर कापूस दिसायला होता तसाच राहिला. पण ठिणगी लागताच क्षणात नाहीसा होऊ लागला. हा झाला नायट्रोसेल्युलोज. त्यात नत्राचे प्रमाण तेरा टक्क्यांच्या वर गेले की तो 'गनकॉटन', म्हणजे तोफेत घालायचा स्फोटक पदार्थ होतो. अकरा टक्क्यांच्या आसपास राहिले तर तो स्फोटक होत नाही, पण चटकन पेट घेणारा राहतोच.

हा अकरा टक्केवाला पदार्थ विशिष्ट द्रावकात विरघळवून वाळविला, की त्याचा पारदर्शक, चिवट पापुद्रा तयार होतो. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स यांनी त्याच्या वस्तू बनविल्या व १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडल्या. त्यांना पदकही मिळाले. १८६६ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि १८६८ मध्ये ती बंद पडली. द्रावक उडून जाई तशा वस्तू आक्रसत, वाकड्या होत, चिरत.

कापराची करामत

यातून वाट काढली ती अमेरिकेतील जॉन वेस्ली हायट यांनी. ते ऑल्बनी गावी छपाईच्या व्यवसायात होते. त्या काळी बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. हस्तिदंताला पर्याय शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलर बक्षीस देऊ, असे एका व्यापाऱ्याने जाहीर केले होते. हायट त्या नादाला लागले. चेंडू काही त्यांना हवे तसे साधले नाहीत. पण खटपटीत त्यांच्या हाती एक नवे साहित्य लागले. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून उष्णता व दाब दिला, की तो कणकेसारखा मऊ होतो आणि थंड झाल्यावर घट्ट होतो. १८७० मध्ये हायट व त्यांचे बंधू यांनी या कृतीचे पेटंट घेतले आणि थोड्याच वर्षांत न्यूअर्क येथे सेल्युलॉइडचा मोठा कारखाना उभा राहिला.

होय, कापूर! आपल्या देवघरातला कापूर. सेल्युलॉइडमध्ये वजनाने सुमारे चौथा हिस्सा कापूर असतो. हा कापूर तेथे नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

साध्या नायट्रोसेल्युलोजला उष्णता दिली तर तो मऊ होण्याआधीच त्याचे विघटन सुरू होते. म्हणजे 'मऊ होण्याचे तापमान' वर आणि 'पेटण्याचे तापमान' खाली, अशी उलटी स्थिती असते. अशा पदार्थाला साच्यात घालणार कसे? लांब साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसलेल्या असतात, म्हणून त्या सरकत नाहीत. शेवयांना तूप लावले की त्या कशा मोकळ्या राहतात, तसे कापराचे लहान रेणू या साखळ्यांच्या मधे शिरतात. मग ८० ते ९० अंश सेल्सिअसला, म्हणजे उकळत्या पाण्याहूनही कमी तापमानाला, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. पेटण्याचे तापमान अजून बरेच वर असते. या दोन तापमानांच्या मधे जी फट तयार झाली, तीत सगळा सेल्युलॉइडचा धंदा उभा राहिला!

पण कापराचा दुसरा गुणही तुम्हाला माहीत आहे. डबी उघडी राहिली की कापूर उडून जातो. घनाचा द्रव न होता सरळ वायू होतो. याला आपण संप्लवन म्हणतो. म्हणून तर घरोघरी कापराच्या डबीत मिरीचे दाणे टाकतात आणि झाकण घट्ट लावतात. सेल्युलॉइडमधला कापूरही उडतो. साखळ्यांच्या गर्दीतून त्याला वाट काढावी लागते म्हणून वेळ लागतो, इतकेच. वर्षे जातात तशी वस्तू आक्रसते, ठिसूळ होते, तिच्यावर बारीक चिरांचे जाळे उमटते. सेल्युलॉइड नवे असताना चांगले चिवट असते. 'कचकड्याची बाहुली' म्हणजे नाजूक, हा अर्थ या पातळ, म्हाताऱ्या झालेल्या बाहुल्यांमुळेच रूढ झाला असावा, असे मला वाटते.

आमच्या पदार्थामुळे हत्तींना आणि कासवांना उसंत मिळाली, असे सेल्युलॉइडवाले त्या काळी मोठ्या अभिमानाने छापीत. कापूर कुठून येतो हे ते छापीत नसत. तो येई मुख्यतः तैवानच्या जंगलांतून. मोठमोठे कर्पूरवृक्ष तोडायचे, त्यांच्या ढलप्या करायच्या, त्यांतून वाफ सोडून कापूर काढायचा. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले आणि १८९९ पासून जपानी सरकारने तेथील कापराची मक्तेदारी आपल्याकडे घेतली. पुढे सेल्युलॉइडच्या बाहुल्या जपानमध्येच एवढ्या का बनू लागल्या, याचे एक कारण येथे आहे.

वाफेने फुगविलेली बाहुली

जर्मनीत मानहाइम शहराजवळ ऱ्हाइन नदीच्या काठी १८७३ मध्ये कडक रबराच्या वस्तूंचा एक कारखाना सुरू झाला होता. तो पुढे सेल्युलॉइड करू लागला. १८८९ मध्ये त्याने आपली खूण म्हणून निवडले कासव! कवच टणक असते, म्हणून. आपल्याकडे कासवाचे नाव सेल्युलॉइडला मिळाले आणि तिकडे कासवाचे चित्र. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, तरी गंमत वाटते खरी. या कारखान्याने १८९६ मध्ये सेल्युलॉइडची पहिली बाहुली काढली. मानेच्या मागे कासवाची खूण असलेल्या त्या बाहुल्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात.

ती बनवीत कशी? भरीव नव्हे, कारण भरीव बाहुली जड व महाग झाली असती. धातूचा साचा दोन भागांत असे, पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा. त्यांच्या मधे सेल्युलॉइडचे दोन पातळ पत्रे एकावर एक ठेवीत आणि साचा दाबून बंद करीत. मग दोन पत्र्यांच्या मधे एका बारीक नळीतून वाफ सोडीत. वाफेच्या उष्णतेने पत्रे मऊ पडत. बंदिस्त वाफेचा दाब सर्व दिशांना सारखा असतो, हा पास्कलचा नियम तुम्हाला माहीतच आहे. त्या दाबाने पुढचा पत्रा पुढच्या साच्यात आणि मागचा मागच्या साच्यात जाऊन बसे. नाक, ओठ, बोटांच्या रेघा, गालावरची खळी, सगळे आतून ढकलले जाऊन उमटे. कडेला दोन्ही पत्रे दाबाखाली एकजीव होत. साचा गार करून उघडला की पोकळ बाहुली तयार! जास्तीची कड कापायची, घासायची, रंग द्यायचा, हातपाय रबरी दोरीने आतून अडकवायचे.

म्हणूनच जुन्या बाहुलीच्या दोन्ही बाजूंनी, कानामागून खाली, एक बारीक शिवण गेलेली दिसते. ती साच्याच्या दोन भागांची सीमा होय. आईच्या बाहुलीवर ती बोटाने चाचपता येते. मी मानेवर कासवही शोधले. कासव नाही; 'मेड इन जपान' अशी अक्षरे आहेत.

जपान या धंद्यात कसा आला ते थोडक्यात सांगते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीची खेळणी जगाच्या बाजारात येणे थांबले. जपानकडे कापूर होता, सेल्युलॉइडचे कारखाने नुकतेच उभे राहिले होते, आणि घरोघरी बसून रंगकाम करणारे कुशल हात होते. अमेरिकेत रोझ ओनील नावाच्या चित्रकर्तीने १९०९ मध्ये 'क्यूपी' नावाचे गुबगुबीत पात्र काढले होते. त्याच्या बाहुल्या आधी जर्मनीत चिनीमातीच्या होत असत. पुढे जपानने सेल्युलॉइडच्या क्यूपी ढिगांनी काढल्या. १९२१ मध्ये जपानमध्ये निळ्या डोळ्यांच्या परदेशी बाहुलीवर एक बालगीत आले. ते अजून तेथे गातात. त्यातली बाहुलीदेखील सेल्युलॉइडचीच आहे. १९३० च्या दशकात सेल्युलॉइडच्या उत्पादनात जपान जगात पहिला होता.

पोटातला ऑक्सिजन

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. लाकूड पेटते तेव्हा त्याला ऑक्सिजन हवेतून घ्यावा लागतो. जळत्या लाकडावर ओले पोते टाकले तर हवा तुटते आणि आग विझते. सेल्युलॉइडचे तसे नाही. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करताना त्याच्या रेणूला जे गट जोडले गेले, त्यांत नत्राबरोबर ऑक्सिजनही आहे. म्हणजे जळायचा कार्बन आणि जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारी शेजारी बसलेले असतात. फटाक्याच्या दारूत सोरा घालतात तो याच कामासाठी. कोळशाला लागणारा ऑक्सिजन सोरा पुरवितो. सेल्युलॉइडमध्ये सोरा वेगळा घालावा लागत नाही. त्यामुळे एकदा पेट घेतला की ते नुसते झाकून विझत नाही. त्यात बाहुली पातळ आणि पोकळ, म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड. शिवाय कापूरही ज्वालाग्राही. आई म्हणाली ते 'भपकन' शब्दशः खरे आहे. धूरही विषारी असतो.

टोकियोमध्ये १६ डिसेंबर १९३२ रोजी हे सगळ्या शहराने पाहिले. शिरोकिया हे तेथील नामांकित, आठ मजली दुकान. नाताळ जवळ आला होता आणि चौथ्या मजल्यावर खेळणी मांडली होती. सजवलेल्या झाडावरचा एक दिवा नीट करीत असताना ठिणगी उडाली आणि ती सेल्युलॉइडच्या खेळण्यांवर पडली. आग वरच्या मजल्यांवर चढत गेली. चौदा माणसे दगावली. त्यांतील बहुतेक जण सुटकेच्या धडपडीत वरून पडून गेले.

सिनेमाच्या जुन्या फिती याच पदार्थाच्या असत, हे येथे सांगायला हवे. १९१३ चा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' अशाच नायट्रेट फितीवर चित्रित झाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक मूक व आरंभीच्या बोलपटांची रिळे त्यात गेली. ठिणगीचीही दरवेळी गरज नसते. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड वायू सुटतो, दमट हवेत त्याचे आम्ल होते, आणि ते आम्ल उरलेल्या पदार्थाचे विघटन आणखी वेगाने घडविते. बंद डब्यात हा वायू कोंडला की काम झपाट्याने होते. जुन्या बाहुलीच्या पोटातल्या लोखंडी आकड्या गंजलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच.

इंग्लंडमध्ये १९६७ च्या नियमांनी खेळण्यांत सेल्युलॉइड वापरायला बंदी झाली. त्यातून एकच वस्तू वगळली होती, टेबल टेनिसचा चेंडू! त्याच्यासारखा उसळणारा दुसरा पदार्थ बरीच वर्षे सापडेना. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बिनसेल्युलॉइडचा चेंडू आला तो २०१४ मध्ये.

आंबट वास

आग नको असेल तर नायट्रिक आम्लाऐवजी दुसरे आम्ल घ्यावे, असा विचार रसायनशास्त्रज्ञांनी केला. व्हिनेगरमध्ये असते ते ॲसेटिक आम्ल सेल्युलोजला जोडले की सेल्युलोज ॲसिटेट मिळते. ते कष्टाने जळते. १९२३ पासून घरगुती सिनेमाच्या फिती त्याच्याच होऊ लागल्या व त्यांना 'सेफ्टी फिल्म' म्हणत. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेत ज्या 'कडक प्लॅस्टिकच्या' बाहुल्या निघाल्या, त्यांतल्या पुष्कळशा याच पदार्थाच्या होत्या. वितळलेले प्लॅस्टिक पिचकारीने दाबून साच्यात भरायची यंत्रे तोवर चांगली सुधारली होती. १९४९ मध्ये अमेरिकेत 'टोनी' नावाची कडक प्लॅस्टिकची बाहुली आली. तिचे केस नायलॉनचे होते, आणि मुलींनी ते साखरेच्या पाण्यात भिजवून कुरळे करायचे असत!

मात्र ॲसिटेटचीही एक खोड निघाली. दमट हवेत पाण्याचे रेणू शिरून जोडलेले ॲसेटिक आम्ल पुन्हा सुटे करतात. बाहुलीला व्हिनेगरचा वास येऊ लागतो, चेहरा आक्रसतो, चिरा पडतात. सुटलेल्या आम्लाची वाफ शेजारच्या बाहुलीलाही लागते. आंब्याच्या आढीत एक नासका आंबा राहिला की काय होते, ते तुम्हाला माहीत आहे. संग्रहालयात अशी बाहुली लगेच बाजूला काढतात. हा रोग दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. ज्या मुलींसाठी त्या बनविल्या त्या तोवर मोठ्या झालेल्या असतात.

चिकट बाहुली

आता तिसरी पिढी, आणि ही तुमच्या ओळखीची. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन हे रबर धातूला चिकटविण्यासाठी काही शोधत होते. पीव्हीसी नावाचा एक कडक, निरुपयोगी मानलेला पदार्थ त्यांनी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापविला, तेव्हा तो थंड झाल्यावर रबरासारखा लवचिक झाला. पाहा, पुन्हा तीच युक्ती! साखळ्यांच्या मधे लहान रेणू घालायचे. कापराच्या जागी आता तेलकट द्रव आले.

पीव्हीसीची बारीक पूड अशा द्रवात कालवली की भज्याच्या पिठासारखे मिश्रण होते. ते तापलेल्या धातूच्या साच्यात ओतायचे. साच्याला लागलेला थर घट्ट होतो. उरलेले ओतून काढायचे. प्लास्टरचे गणपती पोकळ करताना साचा घोळवून उरलेले प्लास्टर ओतून काढतात, त्यासारखेच हे. पुढची गंमत अशी, की साचा अखंड असतो, त्याला दोन भाग नसतात. लवचिक डोके मानेच्या लहानशा भोकातून पक्कडीने ओढून बाहेर काढतात आणि ते बाहेर येताच पुन्हा आपल्या आकाराला येते. म्हणून या बाहुलीच्या चेहऱ्याला शिवण नसते. डोके मऊ असल्याने त्यात शिवणयंत्राने केस टोचून बसविता येऊ लागले. आधी ते रंगवीत किंवा टोप चिकटवीत. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत मांडलेली बार्बी याच पदार्थाची होती. ती बनली होती जपानमध्ये आणि तिची किंमत होती तीन डॉलर.

आणि हिचा रोग? माझीच बाहुली पाहा. माझ्या लहानपणी, १९८० च्या दशकात मिळालेली ती मऊ बाहुली आईच्या बाहुलीच्याच ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. बाहेर काढली तर सगळा चेहरा गुळाच्या पाकात बुडविल्यासारखा चिकट, आणि त्यावर धुळीची मिशी! साखळ्यांच्या मधला द्रव हळूहळू पृष्ठभागावर येतो, म्हणून असे होते. जुन्या बार्बीच्या कानांभोवती हिरवे डाग पडतात; कानातल्या डुलांतल्या तांब्यावर क्रिया होऊन. हे द्रव बहुधा थॅलेट या वर्गातले असत. लहान मुले खेळणे तोंडात घालतात, म्हणून युरोपने १९९९ पासून त्यांच्यावर बंधने घातली. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. बाळासाठी खेळणे घेताना ते पाहून घ्या.

बाहुली ओळखा

तुमच्या घरी जुनी बाहुली असेल तर ती कशाची आहे हे कसे ओळखाल? ज्योत लावून मुळीच नाही! अंगठा कोमट पाण्यात बुडवून बाहुलीच्या पाठीवर जोराने घासा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. आंबट आला तर ॲसिटेट. बोट चिकटले तर पीव्हीसी. शिवण, वजन, मानेवरची अक्षरेही पाहा. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असे लिहिले असेल, तर वस्तू दुसऱ्या महायुद्धानंतर जपान दोस्तांच्या ताब्यात असतानाच्या, १९४७ ते १९५२ या काळातली समजा.

आणखी एक प्रयोग. कपाटात टेबल टेनिसचा फार जुना, फुटलेला चेंडू पडला असेल तर त्याचा एक तुकडा आणि नव्या फुटक्या चेंडूचा एक तुकडा घ्या. पेल्यातल्या पाण्यात विरघळेल तितके मीठ घाला. या पाण्याची घनता सुमारे १.२ होते. तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटू न देता दोन्ही त्यात सोडा. सेल्युलॉइडची घनता १.३५ च्या वर असल्याने जुना तुकडा बुडतो. नवे चेंडू बहुतेक एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्याची घनता १.०५ च्या आसपास, म्हणून नवा तुकडा मिठाच्या पाण्यावर तरंगतो. तोच साध्या पाण्यात टाकला तर बुडतो. असे का, हे तुमचे तुम्ही सांगा.

दोघींना ठेवायचे कसे, हा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर एकच नाही. सेल्युलॉइडच्या बाहुलीतून सुटणारा वायू निघून जायला हवा, म्हणून तिला वारा लागू द्यायचा, थंड व कोरड्या जागी ठेवायचे. पीव्हीसीच्या बाहुलीतला द्रव आतच राहायला हवा, म्हणून तिला काचेच्या बंद भांड्यात ठेवायचे. प्लॅस्टिकची पिशवी तो द्रव शोषून घेते, तेव्हा तीच नको. म्हणजे माझी बाहुली पिशवीत ठेवून आम्हीच तिची अवस्था वाईट केली होती!

आईची बाहुली आता भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. देवघर आणि स्वयंपाकघर या दोन्हींपासून दूरच्या खोलीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा कपाटात. अंगठा घासून भाचीने वास घेतला होता. "आजी, हिला आरतीचा वास येतो," ती म्हणाली. किल्ल्यावर राणी मातीचीच केली. माझ्या बाहुलीसाठी काचेची बरणी हवी होती. लोणच्याची रिकामी बरणी आईने दिली खरी, पण चैत्रात कैऱ्या आल्या की ती परत हवी आहे, असे तिने बजावून सांगितले आहे.